वेळेचा रकाना

पाइपला यंत्र लावायच्या आधी तुस्कानो अंकल तो पाइप स्वतःच्या रुमालाने पुसायचे. कंपनी चिंध्यांच्या गोण्याच्या गोण्या द्यायची, पण त्या चिंध्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "ती चिंधी आधी कुठं फिरून आली, तुला माहीत आहे?" असं विचारायचे. त्यांच्याकडे रोज दोन रुमाल असायचे. डाव्या खिशातला पाइपसाठी आणि उजव्या खिशातला कपाळासाठी. कतारमधल्या मेसाईदच्या उन्हात दुसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त काम पडायचं.

इनास तुस्कानो मूळचे वसईचे. आमच्या कंपनीत ते सीनियर इन्स्पेक्टर होते. मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकहून कतारला आलो, तेव्हा त्यांना तिथे बरीच वर्षं झाली होती. आमची कंपनी मोठ्या कारखान्यांतल्या पाइपांची तपासणी करायची. पाइप आतून झिजतो. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आत लोखंड कागदासारखं होत जातं. पाइप न कापता त्याची जाडी सांगणारं एक छोटं यंत्र असतं. पाइपवर जेल लावायचं, यंत्राचं बोंड टेकवायचं आणि दिसेल तो आकडा वहीत लिहायचा. काम एवढंच. पण आकडा खोटा असेल तर एक दिवस तो पाइप फुटतो, आणि त्या वेळी खाली कोण उभं असेल ते कोणाला सांगता येत नाही.

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला परांचीवर चढवलं. मी यंत्र टेकवलं आणि वरून ओरडलो, "साधारण सहा, सर!"

"साधारण किती?"

"सहाच्या आसपास."

"खाली ये."

मी खाली आलो. त्यांनी शांतपणे मला परत वर पाठवलं. दुसऱ्यांदा मी "सहा पॉइंट दोन" म्हणालो, तर त्यांनी विचारलं, "पाहिलंस, की वाटलं?" मला तिसऱ्यांदा चढावं लागलं. दर खेपेला परांचीच्या शिडीचे बत्तीस दांडे. तिसऱ्या वेळी मी आकडा नीट पाहिला. पाच पॉइंट नऊ होता. त्यानंतर त्यांना आकडा सांगताना मी कधी 'साधारण' म्हणालो नाही.

"पाहिलंस, की वाटलं?" हे त्यांचं नेहमीचं. जेवणाच्या डब्यावर, क्रिकेटच्या स्कोअरवर, कुणाच्या लग्नाच्या बातमीवर, सगळ्यावर हाच प्रश्न. ते बुटके होते आणि हेल्मेटखालून त्यांचे कान बाहेर आलेले असायचे. गुडघे दुखायचे, तरी शिडीला हात घातला की वर पोचेपर्यंत मध्ये थांबायचे नाहीत. बायको मार्सेलिन वसईलाच असायची. तिच्याशी फोनवर ते सामवेदी बोलीत बोलायचे, आणि माझ्या नाशिकच्या कानांना त्यातलं निम्मं कळायचं. तेव्हा दोह्यात चर्चची इमारत नव्हती. शुक्रवारची मिसा एका व्हिलाच्या आवारात व्हायची, तिथे ते खुर्च्या मांडायला सगळ्यांच्या आधी पोचायचे. सुट्टीवरून परत येताना सुकेळ्यांची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, पुडकी आणायचे आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवून निघून जायचे.

माझं लग्न झाल्यावर आम्ही दोह्यातल्या मदिनत खलीफा भागात दोन खोल्या घेतल्या. शेजारच्या व्हिलात एक पुण्याचं कुटुंब होतं, त्यांच्याकडे गणपती असायचा. एका वर्षी मी अंकलना आरतीला घेऊन गेलो. अंगणात मुलांसाठी लोखंडी झोपाळा होता आणि त्यावर चार-पाच मुलं लटकली होती. अंकल दारातच थबकले. झोपाळ्यापाशी गेले, मुलांना उतरवलं आणि मान वर करून कडीकडे पाहत राहिले. मग खुर्ची ओढली, वर चढले आणि कडी काढूनच घेतली.

घरातली मुलगी फुरंगटून म्हणाली, "अंकल, इट्स फाइन! वी प्ले एव्हरी डे!"

"फाइन इज नॉट अ नंबर, बेटा," ते म्हणाले आणि कडी माझ्या हातात दिली. घासून घासून तिची बोटाएवढी जाडी पेन्सिलीएवढी झाली होती. यजमान ओशाळले. अंकल मात्र हात धुऊन आरतीला उभे राहिले आणि टाळ्यांचा ठेका शेवटपर्यंत चुकले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतः नवी कडी घेऊन आले, बसवली, त्या मुलीला झोपाळ्यावर बसवून तीन झोके दिले आणि मगच घरी गेले.

त्यांचा खरा जीव होता गिरीश पाटीलवर. गिरीश पालघरचा, डिप्लोमा झालेला, पंचविशीतला. वडील नव्हते. अंकलनी त्याच्यासाठी कंपनीत शब्द टाकून त्याला कतारला आणलं, आपल्या फ्लॅटमध्ये ठेवलं, यंत्र धरायला शिकवलं, परीक्षांना बसवलं. मासे कसे साफ करायचे हेही तो त्यांच्याकडूनच शिकला. त्याच्या लग्नात ते सुट्टी काढून गेले आणि वडिलांच्या जागी उभे राहिले. "माझ्यानंतर हा," असं मला दोन-तीनदा तरी म्हणाले असतील.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आमच्याकडे डिजिटल पद्धत आली. प्रत्येक मोजायच्या जागेवर बारकोडचा स्टिकर लावायचा. इन्स्पेक्टरच्या हातात एक छोटा कॉम्प्युटर. तो स्टिकर वाचणार, यंत्राची वायर त्याला जोडलेली असणार, आकडा आपोआप आत जाणार, आणि आकड्यापुढे तारीख, तास आणि मिनिट पडणार. वह्या बंद. ती सगळी माहिती सांभाळायचं आणि दर गुरुवारी रिपोर्ट छापायचं काम माझ्याकडे आलं.

जुने लोक कुरकुरले. आम्हाला वाटलं, अंकल सगळ्यात जास्त कुरकुरतील. झालं उलटंच. ते त्या डब्याच्या प्रेमातच पडले. ऑगस्टच्या उन्हात त्याचा पडदा काळा पडायचा, म्हणून ते त्याला प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पाण्याच्या बाटल्यांबरोबर बर्फाच्या पेटीत ठेवायचे. मला म्हणाले, "वैद्य, वहीत काय, मी सावलीत बसून शंभर आकडे लिहीन आणि तुला कळणारही नाही. याच्यात वेळ पडते. माणूस जागेवर गेला की नाही, ते वेळ सांगते. वीस वर्षं मला हेच पाहिजे होतं."

आम्ही काम करायचो त्या मेसाईदच्या कारखान्याच्या त्यांच्याकडे सतरा वह्या होत्या. कोणता पाइप कोणत्या वर्षी किती झिजला, याचा सगळा इतिहास त्यात होता. नव्या पद्धतीत घालण्यासाठी त्यांनी त्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. दोन महिने आम्ही आकडे भरत होतो. झाल्यावर आमचे मॅनेजर राघवन म्हणाले की वह्या आता कशाला, जागा अडते. मी अंकलना विचारलं. "आत गेलंय ना सगळं? मग टाक," ते म्हणाले. वह्या गेल्या. एक तरी ठेवून घ्यावी असं मला वाटलं होतं. पण मी ठेवली नाही.

पुढच्या वर्षी कारखाना काही आठवड्यांसाठी बंद ठेवून मोठी दुरुस्ती व्हायची होती. त्याआधी एका विभागातल्या सगळ्या जागा मोजून द्यायच्या होत्या. माणसं कमी, मुदत जवळ. राघवन कधी आवाज चढवायचे नाहीत. गोड हसून, चला-चला अशा अर्थी, "यल्ला, यल्ला, माय बॉइज" म्हणायचे आणि संध्याकाळी प्रत्येकाला फोन करून किती जागा झाल्या ते विचारायचे. गिरीशच्या तुकडीचं काम सगळ्यांच्या पुढे होतं. राघवन त्याचं उदाहरण द्यायचे. अंकल ऐकून खूश व्हायचे.

एका बुधवारी सकाळी जेलची बाटली शोधताना अंकलनी गिरीशच्या केबिनमधला खण उघडला. आत एक पुठ्ठ्याची फाइल होती, आणि तिच्या पानांवर ओळीने बारकोडचे स्टिकर चिकटवलेले होते. प्रत्येक जागेची नक्कल, दोनशेच्या वर. शेजारी भंगारातले पाइपचे चार तुकडे, वेगवेगळ्या जाडीचे, जेलने माखलेले. अंकलना समजायला वेळ लागला नाही. परांचीवर न चढता, एसीत बसून, नकलेचा स्टिकर कॉम्प्युटरला वाचायला द्यायचा आणि तुकडा मोजायचा. आकडा खरा, जागा खोटी.

त्यांनी गिरीशला बोलावलं. तिथे काय झालं ते मला अंकलनीच दुपारी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. गिरीश रडला. राघवननी मुदत पाळायला सांगितलं, कसं ते विचारलं नाही, असं म्हणाला. बायकोचे दिवस भरत आले होते, नोकरी गेली तर काय, असंही म्हणाला.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"फाइल त्याच्याच हातात दिली. म्हटलं, दोन दिवस देतो. तूच राघवनकडे घेऊन जा, तूच सांग. मी सांगितलं तर तू चोर ठरशील. तू सांगितलंस तर चूक कबूल केलेला माणूस ठरशील." मग म्हणाले, "आणि फाइल नसली तरी वेळ आहेच. दोनशे जागा चाळीस मिनिटांत. माकडालाही जमायचं नाही."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी नेहमीचा रिपोर्ट छापला. वेळेचा रकाना मुद्दाम पाहिला. अंकल म्हणाले होते तसंच होतं. एका सकाळी अकरा वाजून दोन मिनिटं, अशा ओळीने पाच नोंदी, मग अकरा-तीनच्या पाच. मी ते कागद माझ्या खणात ठेवले.

शनिवारी ऑफिस उघडल्यावर मी पुन्हा पाहिलं, तर रकाना बदललेला होता. सात-दहा, सात-पंधरा, सात-एकोणीस. तीन दिवसांत नीट पसरलेल्या वेळा, मध्ये जेवणाची सुट्टीसुद्धा. माहिती बदलायचा पासवर्ड दोघांकडेच होता. एक मी, दुसरे राघवन. गिरीश कोपऱ्यात चहा पीत होता. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, म्हणून मला सगळं कळलं. तो राघवनकडे गेला होता. अंकलनी सांगितलं तसाच गेला होता. राघवननी फाइल घेतली आणि त्यालाच समोर बसवून रकाना दुरुस्त करून घेतला.

मी अंकलना हे सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिलो. माझी बायको तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती, फॅमिली व्हिसाची मुदत नुकतीच वाढवून मिळाली होती. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात एवढंच होतं, म्हणून सांगतो.

गिरीशला दिलेली मुदत उलटून गेली, तेव्हा सोमवारी अंकलनी कारखान्याच्या क्वालिटी विभागाच्या मुख्य अधिकाऱ्याकडे बैठक मागितली. तो एक उंच, कमी बोलणारा इंग्रज होता. टेबलाभोवती तो, राघवन, गिरीश, अंकल, आणि प्रोजेक्टर चालवायला मी. अंकल घरच्या इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी गिरीशचं नाव घेतलं नाही. "या विभागातले आकडे जागेवर घेतलेले नाहीत. परत मोजावे लागतील," एवढंच त्यांच्या इंग्रजीत सांगितलं.

"पुरावा?" अधिकाऱ्याने विचारलं.

अंकल जवळजवळ हसले. "पुरावा यात आहे, सर. वैद्य, वेळेचा रकाना दाखव."

मी दाखवला. भिंतीवर रकाना उमटला. सात-दहा. सात-पंधरा. सात-एकोणीस. अंकलनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उठून भिंतीजवळ गेले आणि बोट ठेवत चार-पाच ओळी खाली आले. त्यांच्या बोटाची सावली आकड्यांवर पडत होती. मग त्यांनी गिरीशकडे पाहिलं. गिरीश टेबलाकडे पाहत होता.

"वैद्य," ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गुरुवारी तू प्रिंट काढलीस. त्यात काय होतं?"

प्रिंट माझ्या खणात होती. खण त्या खोलीपासून वीस पावलांवर होता. राघवन माझ्याकडे बघून हसत होते, नेहमीसारखंच. अधिकाऱ्याने विचारलं, "काय म्हणतायत ते?"

मी इंग्रजीत म्हणालो, "सर, सिस्टिममध्ये जे असतं तेच मी छापतो."

अंकल बसले. पुढची पाच मिनिटं राघवन बोलत होते. मिस्टर तुस्कानो आमचे फार जुने, फार प्रामाणिक सहकारी आहेत, पण नव्या पद्धतीशी जुळवून घेणं या वयात सगळ्यांनाच जमतं असं नाही, वगैरे.

आठवड्याभरात अंकलना कंपनीचं पत्र आलं. करार पुढे वाढवणार नाही, तीन आठवड्यांत व्हिसा रद्द. कारणाच्या जागी डिजिटल पद्धतीशी जुळवून घेण्यात अडचण, असं लिहिलेलं होतं. ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि हेल्मेट घेऊन साइटवर गेले.

तिथे अबू राशिद म्हणून एक कतारी शिफ्ट सुपरवायझर होता, समैस्मा या किनाऱ्यावरच्या गावचा. त्याचे वडील समुद्रावर जाणारे. तो आणि अंकल मोडक्या हिंदीत तासन्‌तास माशांवर बोलायचे. वसईचा बोंबील चांगला की समैस्माचा हमूर, हा वाद कधी मिटला नाही. अंकल त्याला म्हणाले, "अबू राशिद, मला एका एल्बोपाशी यायचंय. तू बरोबर चल. मी मोजतो, तू बघ."

गरम तेलाच्या लाइनचा तो एल्बो, म्हणजे पाइपचं वळण. वहीतल्या जुन्या आकड्यांवरून तो दर वर्षी किती झिजतो हे अंकलच्या डोक्यात पक्कं होतं. कॉम्प्युटर त्याची जाडी सहा पॉइंट एक सांगत होता. दोघं परांचीवर चढले. अंकलनी पाइपवरचं आवरण कापलं आणि यंत्र टेकवलं. दोन पॉइंट तीन. पुन्हा टेकवलं. दोन पॉइंट दोन. अबू राशिदने स्वतःच्या हातात यंत्र घेऊन मोजलं. तोच आकडा. मग त्यानं रेडिओ तोंडाशी धरला आणि "खलास, बंद करो," म्हणाला. संध्याकाळच्या आत लाइन बंद झाली. चौथ्या दिवशी नवा एल्बो बसला.

फुटलं काही नाही. कोणी भाजलं नाही. त्यामुळे काही झालंच नव्हतं असं ठरलं. त्या विभागातल्या जागा गुपचूप परत मोजल्या गेल्या, आणि दोन आठवड्यांनी ऑफिसात केक आला. धोका वेळेत ओळखल्याबद्दल कारखान्याने आमच्या डिजिटल पद्धतीचं कौतुक केलं होतं. राघवनना ढाल मिळाली. भिंतीवर पोस्टर लागलं, त्यात गिरीश हातात तो कॉम्प्युटर धरून हसत उभा होता. अंकल अजून तिथेच होते, जायला चार दिवस बाकी होते. कोणीतरी त्यांनाही केकची डिश दिली. त्यांनी उभ्या उभ्या पूर्ण तुकडा खाल्ला, डिश कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पोस्टरजवळ जाऊन थोडा वेळ ते पाहिलं. "फोटो चांगला आलाय," एवढं म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच गिरीश खोलीतून बाहेर निघून गेला.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. गिरीश आठवड्यापूर्वीच दुसरीकडे राहायला गेला होता. अंकल कपड्यांच्या घड्या घालून बॅगेत रचत होते. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि उगाच गिरीशबद्दल बोलायला लागलो. त्यानं असं करायला नको होतं, तुम्ही त्याला मुलासारखं वाढवलं, असं काहीबाही.

अंकलनी हातातला शर्ट खाली ठेवला. "गिरीश घाबरला. राघवनने त्याला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. मध्ये तो चिरडला. मी त्याला दोन दिवस दिले नसते तर वाचला असता, ती माझी चूक." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "पण वैद्य, तुला कोणी काही करायला सांगितलं नव्हतं रे. तुला फक्त मी एक प्रश्न विचारला होता."

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. मी तो प्यायलो आणि निघालो. विमानतळावर त्यांना अबू राशिदने सोडलं.

मी त्यानंतरही तिथेच राहिलो. मला बढती मिळाली. गिरीश वर्षभरात दुसऱ्या कंपनीत गेला. लिफ्टमध्ये समोरासमोर आलो तरी आम्ही एकमेकांच्या मुलांची चौकशी करायचो आणि बाकी काही बोलायचो नाही. कंपनीत नवीन मुलं आली, त्यांना तुस्कानो हे नाव ठाऊक नव्हतं. एकदा एका मुलाने मला सांगितलं की पूर्वी इथे एक म्हातारे होते, त्यांना कॉम्प्युटर जमला नाही म्हणून काढलं. मी ऐकून घेतलं.

तीन-चार वर्षांनी सुट्टीवर असताना मी वसईला गेलो. पत्ता आमच्या जुन्या फाइलमध्ये होता. मार्सेलिन मावशींनी दार उघडलं, नाव सांगितल्यावर आत घेतलं आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाल्या. अंकल मागच्या वाडीत केळीला पाणी घालत होते. वाळले होते, केस पूर्ण पांढरे झाले होते. मला पाहून त्यांना आनंद झालेला दिसला, आणि तेच मला जड गेलं. जेवताना त्यांनी माझ्या मुलीचं नाव विचारलं, ती मराठी बोलते का विचारलं. समजतं पण उत्तर इंग्रजीत देते, म्हटल्यावर हसले. अबू राशिदचा नाताळला फोन येतो म्हणाले. कंपनीचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढू शकलो नाही.

निघताना ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. दोन्ही बाजूंना वाड्या, दुपारची सामसूम. गुडघ्यामुळे ते हळू चालत होते आणि मी त्यांच्या चालीने चालत होतो. रस्त्याला लागल्यावर मी एकदाचं म्हणालो, "अंकल, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

मला वाटलं, जाऊ दे रे म्हणतील. झालं ते झालं, असं काहीतरी. वयस्कर माणसं म्हणतात तसं.

"हो," ते म्हणाले.

लांबून बस येताना दिसली. तिथे थांबा नव्हता. अंकल रस्त्याच्या कडेला दोन पावलं पुढे झाले, हात उंच केला आणि माझ्यासाठी बस थांबवली.